‘बसतंय की!’

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझं मराठी बेळगावच्या कॉन्व्हेंटातलं आहे. शाळेत दहा वर्षं मराठी बोललं की दंड व्हायचा, आणि इथे कोल्हापुरात आल्यावर पहिल्याच दिवशी मेसच्या मावशींनी “ताट घ्या की वो साहेब” म्हणून माझं सगळं इंग्रजी उतरवलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या नावावर टाकाव्यात ही विनंती. हा लेख इंग्रजी सेक्शनला देता आला असता. पण ज्या दोन शब्दांपायी माझे बावीस हजार रुपये गेले आणि बाबांपुढे मान खाली घालायची वेळ आली, ते दोन्ही शब्द अस्सल कोल्हापुरी आहेत. “बसतंय की!” याचं इंग्रजी होत नाही, मी प्रयत्न केला.

विषय आहे गाडीला रुंद चाकं बसवण्याचा. संध्याकाळी हॉस्टेलच्या गेटवर चहा पीत उभे राहिलात तर अशा दोन-चार गाड्या हमखास दिसतात. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावणारी, टायर चपटा, आणि स्पीडब्रेकर आला की ड्रायव्हर गाडी अशी तिरकी घेतो जणू आत हळद लागलेली नवरी बसली आहे. का? कारण सरळ घेतली तर टायर मडगार्डला घासतो. सगळ्यांना ते माहीत असतं, पण कुणी बोलत नाही. मीसुद्धा बोलत नव्हतो.

आमची गाडी म्हणजे बाबांची २०१२ ची स्विफ्ट, डिझेल, खालच्या मॉडेलची. नंबर केए-२२, त्यामुळे कागलच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्ही राज्यांचे पोलीस तिला प्रेमाने थांबवतात. कंपनीचे टायर १६५/८० आर-१४. गाडी अंगाने भरलेली आणि खाली ही बारीक चाकं, म्हणजे तालमीतल्या पैलवानाला शाळकरी पोराची चप्पल. निदान मला तरी तसं वाटायचं. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे पैसे हातात आले, बाबांनी गाडी महिनाभरासाठी माझ्याकडे दिली, आणि मी एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या चार दुकानांत गेलो असतो तरी हेच वाक्य ऐकायला मिळालं असतं.

तिथे पंधरा इंची, सात इंच रुंदीची, जुनी पण पॉलिश मारलेली मॅगव्हील्स होती आणि कुणीतरी इनोव्हाचे उतरवलेले २०५/६५ आर-१५ टायर होते, नक्षी सत्तर टक्के शिल्लक. चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, स्विफ्टला बरोबर जुळणारे. दुकानदाराच्या दृष्टीने तिथेच पत्रिका जुळली. मी विचारलं, “घासणार नाही ना?” तो म्हणाला, “बसतंय की! घासायला काय झालंय?” त्याने गाडी जॅकवर उचलली, चाक हाताने गरगर फिरवलं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दाखवलं. कुठेही स्पर्श नाही. तृतीय वर्ष मेकॅनिकलचा विद्यार्थी असलेल्या मी मान डोलावली आणि पैसे मोजले. बाबांना फोनवर सांगितलं, “टायर बदललेत.” एवढंच.

हॉस्टेलवर स्वागत झकास झालं. “नाद खुळा भावा, काय दिसतीया गाडी!” गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही पाच जण गगनबावड्याला निघालो. फुलेवाडीच्या पुढे पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून ‘खर्र’ असा आवाज आला. कुणी काही बोललं नाही. मी गाण्याचा आवाज वाढवला. हे वाक्य लिहिताना मला आजही लाज वाटते, कारण त्या क्षणी मला कळलं होतं आणि तरीही मी गाण्याचा आवाज वाढवला.

गगनबावडा बघून आम्ही भुईबावडा घाटात थोडं खाली उतरलो, भजी खाल्ली, आणि साडेसहाच्या सुमारास परत चढायला लागलो. धुकं, रिपरिप पाऊस. एका उजव्या वळणावर स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळलेलं असताना डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं. आधी खर्रर्र, मग रबर जळल्याचा वास, आणि मग फट्. गाडी डावीकडे ओढली गेली आणि दगडी कठड्यापाशी जाऊन थांबली. वेग पंचवीस असेल. वरून एक एसटी आली, ड्रायव्हरने लाईट मारून शिवी दिली आणि निघून गेली. दिवसभर मडगार्डची कड टायरच्या खांद्यावर घासून गोल चर पडला होता, धागे दिसत होते. खड्ड्याने फक्त शेवटचा घाव घातला.

पुढची गंमत स्टेपनीची. ती जुनीच, १६५/८० आर-१४. म्हणजे नव्या टायरपेक्षा व्यासाने लहान. ती थेट पुढे लावली तर दोन पुढची चाकं वेगवेगळ्या मापाची, आणि स्विफ्टला ताकद पुढच्या चाकांतून मिळते. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत फिरत राहणार आणि गाडी एका बाजूला ओढणार. म्हणून मागचं चाक काढून पुढे, स्टेपनी मागे. मोबाईलच्या उजेडात, पावसात, दोनदा जॅक. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्राने मागच्या चाकाखाली दगड धरून ठेवले होते आणि तो एवढंच म्हणाला, “तुमची ब्रँच लई अवघड आहे.”

पुढच्या आठवड्यात बाबा आले. फुटलेल्या टायरच्या चरात त्यांनी बोट घातलं आणि गोल फिरवत नेलं. पैशांचं काही विचारलं नाही. विचारलं, “आत किती जण होता?” मी म्हटलं, “पाच.” त्यावर ते काही बोलले नाहीत. बेळगावला परत जाताना गाडीची किल्ली त्यांनी मागितली नाही, टेबलावरून उचलली.

गाडी बाबांबरोबर गेली, पण आधी ती जुन्या चाकांवर आणायची होती. त्यासाठी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडे गेलो होतो. साठीचे गृहस्थ, हात काळे, चष्म्याला दोरी. सगळं ऐकून म्हणाले, “घासतंय व्हय? मग मोजलं न्हवतं व्हय?” मी म्हटलं, “मामा, जॅकवर फिरवून बघितलं होतं की.” ते हसले. “जॅकवर गाडी उचलली की चाक खाली लोंबतंय. मडगार्डापासनं लांब जातंय. जिथं घासायचंच न्हाई तिथं बघितलंस तू.”

मित्रांनो, हे वाक्य आमच्या चार सेमिस्टरच्या सिलॅबसपेक्षा मोठं आहे असं मी म्हणणार नाही, कारण सरही हा अंक वाचतात. पण जवळपास तसंच आहे. गाडी दुकानात रिकामी उभी असते किंवा जॅकवर लोंबत असते. घासण्याचा प्रश्न येतो ती गाडी पाच माणसं आणि बॅगा भरलेली असते, स्प्रिंग दबलेली असते, एक चाक खड्ड्यातून उसळलेलं असतं आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळलेलं असतं. रविवारी संध्याकाळी स्टँडवर गावाकडून येणारी भरलेली एसटी बघा आणि सकाळी डेपोतून निघणारी रिकामी बघा. चाकाच्या वरची फट तीच राहते का? ‘बसणं’ आणि ‘चालणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानदार आपल्याला फक्त पहिली विकतो.

आता हिशोब. हा हिशोब मी खरेदीनंतर केला, तुम्ही आधी करा म्हणून सविस्तर लिहितो. टायरवरच्या १६५/८० आर-१४ मध्ये १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १४ म्हणजे रिम इंचात. म्हणजे भिंत १३२ मिलिमीटर, दोन्हीकडच्या मिळून २६४, त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवा. पूर्ण व्यास ६१९.६. माझ्या इनोव्हाच्या टायरचा तसाच हिशोब केला तर येतो ६४७.५. फरक जवळजवळ २८ मिलिमीटर, म्हणजे हबपासून वर १४ मिलिमीटर जास्त. आम्ही खूश होतो की गाडी उंच झाली. गाडी रस्त्यापासून उंच झाली हे खरं, पण हबपासून मडगार्ड आहे तिथेच आहे! त्या फटीतून १४ मिलिमीटर गेले. शिवाय व्यास साडेचार टक्क्यांनी वाढला म्हणजे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या वर धावत असते. किलोमीटर मात्र कमी पडतात, त्यामुळे ॲव्हरेज एकदम घसरल्यासारखं दिसलं ते काही अंशी खोटं होतं.

ही झाली उंची. रुंदी जास्त वाईट. २०५ वजा १६५ म्हणजे ४०, त्यातले २० आत गेले आणि २० बाहेर. एवढ्यावर भागलं असतं कदाचित. पण तिसरा आकडा असतो तो ऑफसेट, आणि तो दुकानात कुणी उच्चारतच नाही. व्हीलच्या पाठीमागे ईटी म्हणून कोरलेला असतो. मूळ जर्मन शब्द, आइनप्रेसटीफे. व्हीलची मधली रेषा आणि ते हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग, यांच्यातलं अंतर. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं. माझ्या मॅगव्हीलचा ऑफसेट जुन्या रिमपेक्षा १५ मिलिमीटरने कमी होता. म्हणजे बाहेरच्या बाजूला २० अधिक १५, एकूण ३५ मिलिमीटर. आतल्या बाजूला २० वजा १५, फक्त ५. दीड बोट जाडीचं रबर मडगार्डच्या कडेखाली जाऊन बसलं होतं आणि आत शॉकॲब्सॉर्बरकडे भरपूर जागा रिकामी पडली होती. हेच व्हील जास्त ऑफसेटचं घेतलं असतं तर थोडं आत सरकलं असतं. पण मग ‘बाहेर डोकावत’ नसतं, आणि खरं सांगायचं तर मला ते डोकवायलाच हवं होतं.

चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा ताण बदलतो आणि खड्ड्यातला प्रत्येक हिसका स्टिअरिंगमधून मनगटात येतो, हेही लक्षात आलं होतं. मी मित्रांना ‘स्पोर्टी फील’ म्हणून सांगत होतो.

मग मोजायचं कसं? मेस्त्रींची पद्धत अशी: गाडी स्टँडवर घ्यायची, स्प्रिंग काढायची, आणि नवं चाक लावून खालच्या आर्मखाली जॅक देऊन ते चाक वर-वर न्यायचं, अगदी रबराच्या ठोकळ्याला टेकेपर्यंत. प्रत्येक उंचीला स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे. जिथे घासेल ते डोळ्यांसमोर दिसतं. पण हे हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये दात पाडण्याइतकी ताकद असते आणि तिला योग्य क्लँप लागतो.

आपल्यासाठी दुसरी पद्धत आहे आणि ती मला फार आवडली, कारण तिचं सामान कोल्हापुरातच मिळतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी शाडूची माती मिळते. थोडी माती घ्यायची, मळून वीस मिलिमीटर जाडीचे गोळे करायचे आणि मडगार्डच्या आतल्या कडेला, आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर, पुढे, वर आणि मागे चिकटवायचे. टायरला माती चिकटू नये म्हणून गोळ्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची (हॉस्टेलात तिची कमतरता नाही). मग गाडीत पाच जण बसवायचे, वजनदार बघून. आणि चालण्याच्या वेगाने गाडी स्पीडब्रेकरवरून न्यायची, आधी सरळ, मग स्टिअरिंग वळवून, म्हणजे एक चाक वर आणि एक खाली येईल. परत आल्यावर गोळे काढायचे आणि जिथे जास्तीत जास्त दबलेत तिथली जाडी व्हर्नियरने मोजायची. उरलेली जाडी म्हणजे उरलेली जागा. गोळ्याला टायरच्या नक्षीचा ठसा उमटलेला दिसतो, अगदी गणपतीच्या साच्यासारखा. मी हे नंतर एका मित्राच्या गाडीवर करून पाहिलं. तीन गोळे शाबूत, चौथा दबून चार मिलिमीटर. बाहेरून बघून कुणालाही वाटलं नसतं. आता, किती जागा असावी? याच्यावर वाद घालता येईल. घाटातला खड्डा आपल्या स्पीडब्रेकरपेक्षा जोरात मारतो, वळणावर टायर बाजूला झुकतो, पावसाळ्यात लाल चिखल चिकटतो. मला स्वतःला दहा मिलिमीटरच्या खाली झोप लागणार नाही.

हे सगळं व्हील विकत घेण्याआधी करायचं म्हणजे व्हील ट्रायलला मागावं लागतं. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरू दे. बुटाच्या दुकानात आपण दोन्ही पाय घालून चालून बघतो ना!

घासायला लागल्यावर जे उपाय सांगितले जातात त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पहिला उपाय मडगार्डची कड आतून वळवणे. हीटगनने रंग गरम करून रोलरने पत्रा दाबतात. नीट केलं तर आठ-दहा मिलिमीटर मिळतात, पण रंगाला बारीक तडे जातात आणि गगनबावड्यासारख्या पावसात तिथूनच गंज धरतो. दुसरा, स्प्रिंगच्या वेढ्यात रबराचा बफर बसवणे. गाडी कमी दबते म्हणून कमी घासते, पण स्प्रिंग जणू अर्धी बांधून ठेवल्यासारखी होते आणि खड्ड्यात चाक रस्ता सोडतं. म्हणजे टायर वाचवायला पकड घालवली. तिसरा उपाय, सात इंची रिमवर मुद्दाम अरुंद टायर ताणून बसवणे. टायरची कड रिममधून निसटण्याचा धोका त्यात असतो, आणि रिमची धार मोकळी पडल्यामुळे पहिल्याच खड्ड्यात व्हीलला चीर जाऊ शकते. आणि स्पेसर? आत घासत असेल तर स्पेसरने चाक बाहेर येतं, बाहेर घासत असेल तर स्पेसर लावणं म्हणजे आगीत रॉकेल. तरी मला एकाने तोच सल्ला दिला होता, तोही आपल्याच ब्रँचचा आहे.

मग रुंद टायरचा फायदा काहीच नाही का? आहे. चांगल्या रबराचा रुंद टायर कोरड्या रस्त्यावर वळणाला पकड देतो. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर, म्हणजे आपल्याच कोल्हापुरात, कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा झालेल्या आहेत. त्या कार्टची मागची चाकं पाहिलीत तर पोटलीसारखी गुबगुबीत असतात. पण कार्टला सस्पेन्शन नसतं आणि मडगार्डही नसतं, मग घासणार कशाला? आपण पोस्टर त्यांचं बघतो आणि पत्रा आपला कापतो.

गंमत अशी की टायर रुंद केला म्हणून रस्त्याला टेकणारं रबर त्या प्रमाणात वाढत नाही. हा साधा प्रेशरचा हिशोब आहे, अकरावीचा. एका चाकावर ३०० किलो वजन आणि टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर टेकलेली जागा साधारण १४० चौरस सेंटिमीटर येते, पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी. हवा तीच आणि वजन तेच तर टायर १६५ असो की २०५, जागा साधारण तेवढीच. फक्त तिचा आकार बदलतो, लांबट होती ती आडवी होते. कोरड्या वळणावर आडवी चांगली. पण जुलैच्या पावसात पाणी कापत जायला लांबट बरी, आडवी लवकर पाण्यावर तरंगायला लागते. आपल्याकडे वर्षातले चार महिने कसले असतात ते सांगायला नको. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक येते ती गर्दीत घुसून एकदा नीट बघा. सगळे तिचा रंग आणि बॉनेट बघतात. मी गेल्या खेपेला खाली वाकून चाकं बघितली. आजच्या मानाने अरुंद आणि उंच. रुबाब कुठे कमी आहे?

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. पोलीस रुंद टायर बघून क्वचितच थांबवतात, हे मलाही माहीत आहे. पण घाटात काही झालं असतं तर विमा कंपनीच्या माणसाने पहिला फोटो टायरचा काढला असता.

यातून वाट नाही असं नाही, आणि ती वाट कंपनीनेच दाखवून ठेवली आहे. त्याच पिढीच्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर-१५ टायर देत होती. हिशोब करा, व्यास ६२१.५. खालच्या मॉडेलपेक्षा दोन मिलिमीटर सुद्धा जास्त नाही! रिम एक इंच मोठी, टायर वीस मिलिमीटर रुंद, दिसायला भारदस्त, आणि काटा खोटं बोलत नाही. ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनी स्प्रिंग दाबून, स्टिअरिंग वळवून, मडगार्डखाली किती जागा राहते ते मोजूनच हे माप ठरवलं असणार. मी त्याच्या पुढे २०५ वर उडी का मारली? कारण शेजारच्या विंगमधल्या एकाकडे १९५ होते.

आता थोडं आपल्याबद्दल. हे गाव मोजणाऱ्यांचं आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून गाड्यांचे पार्ट देशभर जातात, आणि त्यातला एखादा कास्टिंगचा तुकडा मापाला थोडा कमी भरला तर अख्खा लॉट परत येतो. उद्यमनगरातला सातवी शिकलेला माणूस खिशात कॅलिपर ठेवतो. आणि आपण? मेट्रॉलॉजीचं जर्नल मी सीनियरकडून जसंच्या तसं उतरवलं होतं, त्याच्या रीडिंगमधल्या चुकांसकट. ओरलला व्हर्नियरची लीस्ट काउंट धाडकन सांगितली, ०.०२ मिलिमीटर, आणि मार्क घेतले. ऑफसेट मात्र पहिल्यांदा कळला तो टायर फुटल्यावर. मी एकटाच असा आहे असं मला वाटत नाही, वाटल्यास आपल्या विंगमध्ये विचारून बघा की तुमच्या गाडीचा ईटी किती.

सरांनाही एक विनंती आहे, रागावू नये. आपल्या ऑटोमोबाईल लॅबमध्ये कापलेलं इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, काचेच्या कपाटात सस्पेन्शनचं मॉडेल आहे, ज्याची स्प्रिंग कुणी दाबून बघितल्याचं मला आठवत नाही. टर्ममधली एक दुपार आम्हाला द्या. बाहाच्या टीमला चाकाची चाल मोजता येते, त्यांनीच बाकीच्यांना शिकवावं. स्टाफ पार्किंगमधली एखादी गाडी मिळाली तर उत्तम, शाडू आम्ही आणू आणि नंतर गाडी धुऊनही देऊ. जर्नलमध्ये त्या दुपारचं रीडिंग उतरवता येणार नाही, कारण प्रत्येक गाडीचं वेगळं येईल. कदाचित म्हणूनच हा प्रयोग आजवर झाला नसेल.

बाबांची स्विफ्ट सध्या बेळगावात जुन्या चौदा इंची चाकांवर आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा दारात उभं राहून तिच्याकडे बघत होतो. बाबा मागे येऊन म्हणाले, “काय, बारीक दिसताहेत का?” मी नाही म्हटलं. मग एका कागदावर १८५/६५ आर-१५ चा हिशोब करून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, २ मिलिमीटरच्या खाली पेनने रेघ मारली आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवला. अजून हो म्हणालेले नाहीत.

माझी चारही मॅगव्हील्स माझ्या कॉटखाली आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावर पाट टाकून आम्ही कॅरम खेळतो. कुणाला हवी असतील तर मला मेसमध्ये गाठा, किंमत कमी करीन. मात्र गाडी घेऊन या आणि सोबत पाच माणसं आणा. शाडू माझ्याकडे आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी